ग्रंथालयाचे दार उघडे ठेवणारी माणसे

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते नावाचे गाव आहे. गडाकडे निघालेल्या यात्रेकरूची नजर डोंगराच्या माथ्यावर लागलेली असते. त्यामुळे या गावापाशी थांबणारे थोडे. १४ जानेवारी १८९६ रोजी याच नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री म्हणून त्यांचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हेही महाराष्ट्र विसरलेला नाही. परंतु त्यानंतरच्या पाच वर्षांत, ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना, या देशातील विद्यापीठांच्या ग्रंथालयांविषयी एक मूलभूत प्रश्न विचारला गेला, ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या कानावर नाही. प्रश्न दिसायला अगदी साधा होता. ग्रंथालय चालवायला माणसे किती लागतात? ती कशी निवडावीत, आणि त्यांना काय मान द्यावा?

वाचकहो, ग्रंथालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुस्तके येतात, इमारत येते, देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी येते. माणसे सहसा येत नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाचेच पाहा. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. १८७८ साली राजाबाई मनोरा पूर्ण झाला, आणि आजही मुंबईस जाणारा कोकणी माणूस मान वर करून त्याकडे पाहतो. त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी कपाटांतून पुस्तके काढून देणारी, ती पुन्हा जागेवर ठेवणारी, वाचकाच्या अर्धवट आठवणीवरून ग्रंथाचे नाव शोधून काढणारी माणसे कोण होती, याची पाटी कुठे लावलेली नसते. या लेखात आम्ही त्या माणसांचा इतिहास थोडा उलगडून पाहणार आहोत. तो आमच्या महाड-पोलादपूरच्या मातीशी दोन ठिकाणी येऊन भिडतो, म्हणून तो सांगण्याचा मोह अधिक.

एका गणिताच्या अध्यापकाची गोष्ट

या कथेचा नायक महाडचा नव्हे, तमिळनाडूतील शियाळी गावचा. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ सालचा. ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत असत. जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या काळी ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांचा राखणदार, एवढीच कल्पना. वाचक थोडे, काम त्याहून थोडे. वर्गातल्या मुलांच्या गजबजाटाची सवय असलेल्या या माणसाला ती शांतता असह्य झाली, आणि थोड्याच दिवसांत ते 'मला माझी शिक्षकाची नोकरी परत द्या' अशी विनंती घेऊन आपल्या जुन्या कॉलेजात गेले. तडजोड अशी ठरली की, त्यांनी आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकावे, आणि परत आल्यावरही मन रमले नाही तर खुशाल शिक्षकी पत्करावी.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स हे त्यांचे गुरू होते. तेथे त्यांनी अनेक ग्रंथालये हिंडून पाहिली. कुठे सगळे नियमाने चाललेले, तर कुठे तीच पुस्तके असूनही गोंधळ. हा फरक कशामुळे पडतो, हे त्यांनी गणितज्ञाच्या नजरेने न्याहाळले. १९२५ साली ते परतले आणि पुन्हा गणिताकडे वळले नाहीत. तब्बल वीस वर्षे त्यांनी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयाची सेवा केली. बंद कपाटे उघडली, वाचकाला थेट पुस्तकांपर्यंत जाऊ दिले, आणि 'काय हवे?' असे विचारण्यासाठी वाचनकक्षात माणसे उभी केली.

१९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. ती आज जगभर शिकवली जातात. ग्रंथ हे वापरासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाचवला पाहिजे. आणि ग्रंथालय ही वाढती, जिवंत संस्था आहे. ही सूत्रे वाचताना वाटते, यात नवे ते काय? पण ज्याने ग्रंथालय चालवले आहे त्याला कळते की, यांतील प्रत्येक सूत्राच्या पाठीमागे एक कर्मचारी उभा आहे. वापरासाठी दार उघडायला कुणी तरी हवे. वाचकाला ग्रंथ शोधून द्यायला हवे. नव्या ग्रंथाची वार्ता वाचकापर्यंत न्यायला हवे. वेळ वाचवायचा तर तालिका नीट लावलेली हवी. आणि संस्था वाढायची तर वाढत्या कामाबरोबर हातही वाढायला हवेत.

हात न वाढले तर काय होते, याचा अनुभव खुद्द रंगनाथन यांनीच घेतला. १९४५ साली ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले. तेथील ग्रंथसंग्रहाची नव्याने वर्गवारी करायची होती आणि मदतीला पुरेशी माणसे नव्हती. सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण या गृहस्थाने दोन वर्षांत स्वतःच्या हाताने केले. ऐकणारा थक्क होतो. परंतु आमच्या मते या पराक्रमाचे जितके कौतुक करावे तितकीच त्याची खंतही बाळगावी. ज्या माणसाने देशातील ग्रंथालयांचा विचार करायचा, त्याला विद्यापीठाने लेबले चिकटवण्याच्या कामाला जुंपले. एका माणसाच्या तपश्चर्येवर संस्था दोन वर्षे चालू शकते, दोनशे वर्षे चालू शकत नाही.

नात्याचा सुपुत्र आणि १९५७ ची समिती

आता पुन्हा नात्याकडे वळू. चिंतामणराव हे १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिले आले होते. संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली होती. केंब्रिजला ते वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र शिकले. कालिदासाच्या 'मेघदूता'चा मराठी अनुवाद करणारा हा अर्थतज्ज्ञ म्हणजे ग्रंथांत वाढलेला माणूस. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ते आमच्याच कुलाबा मतदारसंघातून निवडून गेले होते. (जिल्ह्याचे नाव 'रायगड' झाले ते पुढे १९८१ साली.) १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले आणि त्याचे अध्यक्षपद देशमुखांकडे आले.

त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, १९५७ साली, आयोगाने एक ग्रंथालय समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद रंगनाथन यांना दिले. मार्च १९५९ मध्ये या विषयावर दिल्लीत चार दिवसांचा परिसंवाद झाला. समितीचा अहवाल आणि परिसंवादाचे वृत्त पुढे १९६५ साली एकत्र छापले गेले. विद्यापीठीय आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांचा एवढा तपशीलवार विचार या देशात त्यापूर्वी झाला नव्हता. पुस्तकांच्या खरेदीसाठी दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १५ रुपये आणि दर अध्यापकामागे २०० रुपये असावेत, असे समितीने सुचवले. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने तेच प्रमाण २५ आणि ३०० रुपयांवर नेले.

पण आम्हांस विशेष मोलाचा वाटतो तो अहवालातील कर्मचाऱ्यांचा विचार. त्या काळापर्यंत ग्रंथालयात माणसे किती नेमायची, हे संस्थाचालकाच्या मर्जीवर असे. एखाद्याची प्रकृती वर्गात शिकवायला साथ देत नाही, मग त्याला ग्रंथालयात बसवा. एखाद्या कारकुनाशी कार्यालयाचे जमत नाही, त्यालाही तिकडेच पाठवा. रंगनाथन यांनी या मर्जीच्या जागी हिशेब आणला.

तो हिशेब समजायला सोपा आहे. वर्षाला जितके ग्रंथ नव्याने दाखल होतात, त्यांतल्या दर ६००० ग्रंथांमागे खरेदी आणि दाखल नोंदीसाठी एक माणूस. वर्गीकरण आणि तालिका करण्यासाठी दर २००० नव्या ग्रंथांमागे एक माणूस, कारण हे काम डोके लावून करायचे असते. दर ५०० नियतकालिकांमागे एक. संदर्भासाठी दिवसाला येणाऱ्या दर ५० वाचकांमागे त्यांना साहाय्य करणारा एक. आणि देवघेवीच्या खिडकीसाठी, ती खिडकी वर्षभरात जितके तास उघडी राहते त्यांतल्या दर १५०० तासांमागे एक.

हे १५०० तास कुठून आले, असे कुणी विचारील. सुट्या, रजा, आजारपण वजा जाता एका माणसाचे वर्षाचे कामाचे दिवस सुमारे २५० धरले आणि खिडकीवर सलग लक्ष देऊन दिवसाला सहा तास बसता येते असे मानले, तर गुणाकार तेवढाच होतो. म्हणजे या आकड्यामागे थकणारा, आजारी पडणारा, घरी लग्नकार्य असणारा हाडामांसाचा माणूस धरलेला आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखादे ग्रंथालय वर्षातून ३०० दिवस, रोज १२ तास उघडे आहे. त्याला एकच दार आहे. म्हणजे दाराचे ३६०० तास झाले. १५०० ने भागले तर २.४ माणसे. वर्षाला ३००० नवी पुस्तके येतात. दाखल नोंदीला अर्धा माणूस, वर्गीकरणाला दीड. १०० नियतकालिके येतात, त्यांना एक पंचमांश. संदर्भासाठी रोज १०० वाचक येतात. त्यांना २५० दिवसांच्या हिशेबाने दोन, आणि ग्रंथालय ३०० दिवस उघडे म्हणून २.४. बेरीज बरोबर सात. यात मुख्य ग्रंथपाल नाही, झाडलोट करणारा नाही, कपाटांत पुस्तके लावणारा परिचर नाही. एका दाराच्या मध्यम ग्रंथालयाला सात शिकलेली माणसे! आपल्या परिचयाच्या कोणत्याही कॉलेजात जाऊन मोजून पाहा, आणि मग 'ग्रंथालयात काय काम असते?' हा प्रश्न पुन्हा विचारा.

समिती एवढ्यावर थांबली नाही. ग्रंथालयातील शिक्षित कर्मचाऱ्यांना अध्यापकांच्या बरोबरीचा दर्जा आणि वेतन असावे, असे तिने स्पष्ट सुचवले. त्यामागील तर्क असा की, विद्यार्थ्याला वर्गात जे मिळते त्याचा विस्तार ग्रंथालयात होतो. तेथे त्याला भेटणारा माणूस विषय न जाणणारा असेल, तर वर्गातली मेहनतही अर्धी वाया जाते. आज विद्यापीठातील ग्रंथपालांची वेतनश्रेणी अध्यापकांच्या बरोबरीने ठरते, त्याचे मूळ या विचारात आहे.

हरवलेल्या पुस्तकाचे भय

दैनंदिन कारभारातील एका गाठीचा येथे उल्लेख केला पाहिजे. जुन्या पद्धतीत ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकाची जोखीम ग्रंथपालाच्या शिरावर असे. वर्षअखेरच्या मोजणीत पुस्तक कमी भरले की त्याची किंमत त्याच्या पगारातून वळती होण्याची धास्ती. मग तो बिचारा काय करणार? कपाटाला कुलूप लावणार. किल्ली कमरेला. वाचकाने कपाटाच्या काचेतून पुस्तकाचे नाव वाचायचे आणि चिठ्ठी द्यायची. ग्रंथपाल कंजूष नव्हता, तो भ्यालेला होता. नियमच असा होता की, जो कमी पुस्तके वापरू देईल तो सुखी आणि जो अधिक देईल तो संकटात.

रंगनाथन आयुष्यभर या भयाशी भांडले. जे वापरले जाते ते थोडे झिजणार, थोडे हरवणार. धान्याच्या कोठारातही सांडलवंड धरतात. हा विचार सरकारदरबारी रुजायला वेळ लागला, पण रुजला. भारत सरकारच्या २००५ सालच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत असे मान्य केले गेले की, वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ झाले तर ती वाजवी हानी समजावी; मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा वा हयगय नसावी. हजार रुपयांहून अधिक किमतीचे पुस्तक किंवा दुर्मिळ ग्रंथ हरवल्यास चौकशी व्हावी. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी संपूर्ण मोजणी. पन्नास हजारांपर्यंत तीन वर्षांतून एकदा. त्याहून मोठ्या संग्रहात नमुन्यादाखल तपासणी.

नियम कोरडा दिसतो. पण त्याने काय साधले? पाच पुस्तकांची सूट देऊन उरलेल्या नऊशे पंचाण्णवांची कुलुपे काढली. माणसावर थोडा विश्वास टाकल्याखेरीज कोणतीही सार्वजनिक वस्तू सार्वजनिक राहत नाही.

चवदार तळ्याचा धडा

महाडच्या वाचकाला 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, कचेऱ्या सर्वांना खुल्या झाल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. परंतु दलितांच्या ओंजळीत पाणी आले ते २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यापर्यंत चालत गेले तेव्हा. न्यायालयाचा अंतिम निकाल यायला तर १९३७ साल उजाडले. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये माणसे उभी राहावी लागतात, हा महाडचा धडा आहे.

आम्ही ग्रंथालयाची तुलना त्या संग्रामाशी करीत नाही. तेथे माणुसकीचाच प्रश्न होता आणि त्याची किंमत लोकांनी अंगावर मार झेलून दिली. पण बाबासाहेबांच्या जीवनात पाणी आणि ग्रंथ या दोन्ही वाटा शेजारून जातात, हे विसरता येत नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. याच सयाजीरावांनी त्याआधी तीन वर्षे, १९१० साली, विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणायला सुरुवात केली होती. आणि कोलंबिया विद्यापीठ म्हणजे तेच, जेथे १८८७ साली मेल्व्हिल ड्यूई यांनी ग्रंथपालांना शिकवणारी जगातील पहिली शाळा उघडली. ज्या देशात आपल्या जातीमुळे पाणी मिळत नव्हते त्या देशातून आलेल्या तरुणाला तेथील ग्रंथालयात हवा तो ग्रंथ मागता आला आणि देणाऱ्याने त्याची जात विचारली नाही. १९१७ साली तो परत निघाला, तेव्हा त्याचे पुस्तकांचे सामान ज्या बोटीने येत होते ती बोट युद्धात पाणतीराने बुडाली. त्या नुकसानीची भरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले. ग्रंथांची भरपाई रुपयांत होत नसते.

पुढे १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. तेथील ग्रंथपाल एस. एस. रेगे यांचे नाव बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांच्या आठवणींत आढळते. देशाच्या राज्यघटनेच्या शिल्पकारालाही हवा तो ग्रंथ हाती देणारा ग्रंथपाल लागत होता! याच सोसायटीने १९६१ साली महाडला महाविद्यालय काढले आणि दक्षिण कुलाब्यातील मुलामुलींना मुंबईची वाट न धरता पदवी घेण्याची सोय झाली. पोलादपूरच्या डोंगरकपारीतील वाड्यांतून एस.टी.ने येणारी, पहिल्यांदाच शिकणारी मुले या कॉलेजाच्या ग्रंथालयात शिरली. ज्याच्या घरात पंचांगाखेरीज पुस्तक नाही, त्या मुलाला देवघेवीच्या खिडकीवरचा माणूस कसा बोलतो, यावर त्याचे पुढचे वाचन ठरते. 'काय पाहिजे रे?' असे खेकसणारा भेटला, तर तो पुन्हा येत नाही. 'ये, बस, कोणता विषय आहे तुझा?' असे विचारणारा भेटला, तर तो पदवीनंतरही येत राहतो. कर्मचाऱ्यांच्या निवडीचा प्रश्न शेवटी येथे येऊन ठेपतो.

पाऊस, वाळवी आणि रोजचे काम

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या कुशीत वसलेल्या महाडला ग्रंथालय चालवणे म्हणजे काय, हे पुण्यामुंबईच्या माणसाला चटकन उमगणार नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा की, कपड्यांवर बुरशी चढते, तेथे कागदाची काय कथा. भिंतीला टेकलेले कपाट चार बोटे पुढे ओढावे लागते. खालचा फळा जमिनीपासून उंच ठेवावा लागतो. ऊन पडले की खिडक्या उघडायच्या, सर आली की मिटायच्या. वाळवीची वाट रोज शोधायची. ती एका रात्रीत कपाटाच्या पाठीमागून चढते आणि पुस्तकाचा पुठ्ठा शाबूत ठेवून आतली पाने फस्त करते.

आणि पूर. जुलै २००५ मध्ये महाड-पोलादपूर तालुक्यांनी पूर आणि दरडींचा कहर पाहिला. दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते ही नावे तेव्हापासून काळजात रुतून बसली आहेत. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महाड शहर पाण्याखाली गेले आणि तळिये गाव दरडीखाली गाडले गेले. माणसे गेली, तेथे पुस्तकांचे दुःख करायचे नसते. पण पाणी ओसरल्यावर जे उभे करायचे असते, त्यांत शाळा असते, दवाखाना असतो, तसे ग्रंथालयही असते. पाणी चढत असताना दाखल नोंदवही प्रथम वरच्या मजल्यावर न्यायची, की दुर्मिळ ग्रंथ प्रथम न्यायचे, याचा निर्णय त्या रात्री करता येत नाही. तो आधीच करून ठेवावा लागतो, आणि तो अमलात आणायला तेथे कुणीतरी असावे लागते.

रोजचे काम याहून शांत, पण तितकेच चिकाटीचे. सकाळी आदल्या दिवशी परत आलेली पुस्तके जागेवर लावायची. चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक म्हणजे हरवलेलेच पुस्तक. फरक इतकाच की, ते घरातच हरवलेले असते. न आलेल्या नियतकालिकांच्या अंकांसाठी स्मरणपत्रे लिहायची. फाटलेली पुस्तके बांधणीला काढायची. परीक्षेच्या महिन्यात रजा कुणाला द्यायची आणि कुणाची अडवायची, संध्याकाळची पाळी कुणी करायची, एकच प्रत असलेले पुस्तक दहा विद्यार्थ्यांत कसे फिरवायचे, हे रोजचे पेच. यांतले कोणतेही काम वाचकाला दिसत नाही. ते झाले नाही, तरच दिसते.

मठातली यादी आणि लंडनचे हस्तलिखित

आम्हां ख्रिस्ती वाचकांना या कामाची ओळख फार जुनी आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तीत सांगितले आहे की, उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक बंधूला ग्रंथालयातून एक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो पहिल्या पानापासून सलग वाचावा. त्याच नियमावलीत आणखी एक कलम आहे. मठाच्या वस्तू विश्वासू बंधूंच्या हाती सोपवाव्यात, आणि काय दिले, काय परत आले, याची यादी मठाधिपतीने स्वतःजवळ ठेवावी. माणसाची निवड, विश्वास आणि नोंद, ही ग्रंथालयाच्या कारभाराची तिन्ही अंगे त्या दोन कलमांत सामावली आहेत.

आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयावर तर एका विद्यापीठीय ग्रंथालयाचे मोठेच ऋण आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, सतराव्या शतकात आणखी दोनदा छापले गेले. पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. १९०७ साली मंगळूरला तो रोमन लिपीत पुन्हा छापला गेला. त्यानंतर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य विद्याशाळेतील मार्सडेन संग्रहात देवनागरी लिपीतील हस्तलिखित उजेडात आणले. विल्यम मार्सडेन यांनी आपला संग्रह १८३५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला होता. तेथून तो नव्या विद्याशाळेत गेला. मराठीचा गंधही नसलेल्या कितीतरी कर्मचाऱ्यांनी ते बाड झाडले, क्रमांक घातला, यादीत नोंदवले आणि जागेवर ठेवले. त्यांतल्या एकाने जरी 'हे काय कुणी वाचणार आहे?' म्हणून कोपऱ्यात टाकले असते, तर आज आपल्या हाती ते नसते. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळतो, पण कधी कधी त्यासाठी नव्वद वर्षे वाट पाहावी लागते. ती वाट पाहण्याचे काम ग्रंथालयाचे.

यंत्र आले, माणूस?

१९८९ साली महाडच्या उत्तरेस, माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे राहिले, आणि ज्या दक्षिण रायगडात एके काळी कॉलेज नव्हते तेथे विद्यापीठाचे ग्रंथालय आले. १९९१ साली अनुदान आयोगाने देशातील विद्यापीठांची ग्रंथालये संगणकाने जोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. आज नियतकालिके पडद्यावर वाचता येतात, तालिका बोटाच्या टोकावर आली आहे. यामुळे एक नवा भ्रम मात्र पसरला आहे. यंत्र आले, आता माणसे कशाला? राज्यातील अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाची जागा रिकामी होते आणि वर्षानुवर्षे भरली जात नाही. कुठे एखाद्या अध्यापकाकडे अतिरिक्त भार दिला जातो, कुठे तासिकेच्या हिशेबाने माणूस ठेवला जातो, कुठे परिचरच दार उघडतो आणि बंद करतो.

यंत्राने नोंद सोपी केली, हे खरेच. पण हजार उत्तरांतून खरे उत्तर निवडून देणारा, विद्यार्थ्याने न विचारलेला प्रश्न ओळखणारा, पुराच्या रात्री पुस्तके वर नेणारा यंत्रात बसत नाही. रंगनाथन यांच्या हिशेबातील आकडे जुने झाले असतील. ते नव्याने मांडावेत. परंतु माणसांचा हिशेब मांडावा लागतो आणि तो मर्जीवर सोडू नये, हे तत्त्व जुने झालेले नाही. आयुष्यभराची पुंजी, एक लाख रुपये, रंगनाथन यांनी मद्रास विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापण्यासाठी देऊन टाकली. ती त्यांनी इमारतीसाठी दिली नाही, पुस्तकांसाठीही दिली नाही. पुढची माणसे घडावीत, म्हणून दिली.

आपली मुले ज्या कॉलेजात शिकतात तेथील ग्रंथालय आपण पाहिले आहे काय? प्रवेशाच्या दिवशी आपण फी विचारतो, निकाल विचारतो, वसतिगृह पाहतो. यापुढे आणखी दोन गोष्टी विचाराव्यात, असे आम्ही सुचवतो. ग्रंथालय किती तास उघडे असते? आणि तेथे शिकलेला, कायम नेमणुकीचा ग्रंथपाल आहे काय? पालकांनी विचारू लागलेला प्रश्न संस्थाचालकांना फार काळ टाळता येत नाही. नाते गावच्या त्या सुपुत्राच्या अध्यक्षतेखालील आयोगाने जो प्रश्न १९५७ साली विचारला, तो आज आपण आपल्या गावात विचारायचा आहे.